आंघोळीचा बंब घेताना तांब्याआधी मधला नळा बघा

घरोघरी गीझर आले, तरी बंब बाजारातून गेलेला नाही. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत तो आजही घडवला जातो. कोकणात आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे भांड्यांच्या दुकानांत स्टीलचे बंब ओळीने मांडलेले दिसतात. शेत, वाडी किंवा मागचं परस असलेल्या घरात करवंट्या, काटक्या, तुराट्या फुकट मिळतात, म्हणून गिऱ्हाईकही टिकून आहे. दुकानात मात्र बोलणं होतं ते तांब्याच्या किलोच्या भावाचं आणि मठारकामाच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी उठवलेल्या, नक्षीचं. बंबात पाणी किती लवकर तापेल, किती वेळ गरम राहील आणि त्याला किती सरपण लागेल, हे ज्या भागांवर ठरतं त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. म्हणून हा लेख.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला पारंपरिक तांब्याचा बंब: वर उचलायचं झाकण, दोन बाजूंना कड्या, खाली पितळी तोटी. दुसरा स्टेनलेस स्टीलचा, बंद डोक्याचा: एका बाजूच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी वरच्या नळीतून बाहेर येतं. तिसरा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, सर्वांत स्वस्त. तिन्हींमध्ये रचना एकच. मध्ये उभा नळा, त्याच्या तळाशी जाळी, जाळीवर जाळ, नळ्याभोवती पाणी. धूर नळ्यातून वर जातो आणि जाता जाता भिंतीमार्फत पाणी तापवतो.

आकडे देताना एकच माप धरलेलं बरं. खालचे सगळे हिशेब २५ लिटरच्या बंबाचे आहेत: बाहेरचा व्यास ३० सेंटिमीटर, नळ्याचा व्यास ११ सेंटिमीटर, पाण्याची उंची ४२ सेंटिमीटर. असा बंब २० अंशांवरून ६५ अंशांवर न्यायचा तर पाण्यात ४,७०० किलोज्यूल उष्णता जायला हवी. विजेच्या भाषेत १.३ युनिट, २ किलोवॅटचा गीझर हेच काम सुमारे ४० मिनिटांत करतो. ६५ अंशांच्या या २५ लिटरमध्ये २० अंशांचं ३१ लिटर गार पाणी घातलं की ४० अंशांचं ५६ लिटर पाणी होतं, म्हणजे १८ लिटरच्या तीन बादल्या. चार माणसांच्या घरात सकाळी एकदा पुन्हा भरावं लागेल, आणि बंबाची खरी सोय इथेच आहे: निखारे असतात, त्यामुळे दुसरं पाणी पहिल्यापेक्षा कमी सरपणात तापतं.

आता तांबं. विक्रेता हमखास सांगतो की तांबं उष्णता लवकर पोचवतं, म्हणून पाणी लवकर तापतं. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेस स्टीलच्या जवळपास २५ पट आहे. पण जाळापासून पाण्यापर्यंतच्या वाटेत अडथळा धातूचा नसतोच. अडथळा असतो तो धुरापासून भिंतीपर्यंत उष्णता पोचण्याचा. चांगला जाळ चालू असताना या बंबाच्या नळ्यातून साधारण १.७ किलोवॅट उष्णता पाण्यात जाते असं धरा. एक मिलिमीटर जाड तांब्याच्या भिंतीत आतून बाहेर तापमानाचा फरक पडतो अंशाच्या तीन शतांशांएवढा. तेवढ्याच जाडीच्या स्टीलमध्ये तो पाऊण अंश असतो. नळ्यातला धूर शेकडो अंशांवर असताना या पाऊण अंशाला काही किंमत नाही. एकाच मापाचे, एकाच आकाराच्या नळ्याचे तांब्याचे आणि स्टीलचे बंब एकाच सरपणावर जवळजवळ एकाच वेळी तापतात. त्यामुळे ‘लवकर तापतो’ म्हणून कुणी तांब्याचे जास्तीचे पैसे मोजू नयेत.

तांबं घ्यायची खरी कारणं वेगळी आहेत आणि तीही भक्कम आहेत. तांब्याला डाख (वितळलेल्या धातूची झाळ) देऊन जोड पुन्हा बसवता येतो, पोचा ठोकून काढता येतो, नळा गेला तर कारागीर तेवढाच बदलून देतो. शेवटी मोड विकली तरी चांगले पैसे येतात. स्टीलचा वेल्डिंगचा जोड तडकला तर तो तसाच नीट जोडून देणारा माणूस तालुक्याच्या गावीही शोधावा लागतो, आणि पत्रा पातळ असेल तर डागडुजीत शेजारी दुसरं भोक पडतं. जस्ताच्या पत्र्याचा बंब दोन-चार हिवाळ्यांपुरता धरावा. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की जस्ताचा थर लोखंडाची राखण नीट करत नाही, आणि बंबात पाणी रोजच ६० च्या वर जातं.

मग बघायचं काय? आधी नळा. या बंबात पाण्याला लागणारी नळ्याची भिंत फक्त ०.१४५ चौरस मीटर आहे, तर बाहेरचं अंग आणि वरचं तोंड मिळून ०.४६ चौरस मीटर. म्हणजे उष्णता आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर जाण्याची वाट तिपटीहून मोठी. त्यामुळे नळ्याची लांबी पूर्ण वापरली गेली पाहिजे. नळा फार रुंद असेल, तर मधला गरम धूर भिंतीला न शिवता सरळ वर निघून जातो. फार अरुंद असेल, तर ओढ कमी पडते, जाळ घुसमटतो आणि धूर खालच्या तोंडातून परत येतो. २५ लिटरला १० ते १२ सेंटिमीटर व्यास योग्य. १५ सेंटिमीटरचा नळा असलेला बंब दुकानात ‘लाकूड सहज जातं’ म्हणून खपवला जातो. त्यात लाकूड सहज जातं हे खरं, आणि उष्णताही तितक्याच सहज धुराड्यातून जाते.

उष्णता वाया जातेय की नाही हे ओळखायला उपकरण लागत नाही. जाळ धरल्यावर वरच्या तोंडातून ज्वाळ बाहेर दिसत असेल, तर सरपण एका वेळी जास्त घातलं आहे किंवा नळा रुंद आहे. ज्वाळ नळ्याच्या खालच्या अर्ध्या-पाऊण भागात संपली पाहिजे. नळा रुंदच असेल, तर वरच्या अर्ध्या भागात पीळ दिलेली लोखंडी पट्टी तारेने लोंबती सोडावी. धूर वळसे घेत वर जातो, भिंतीला जास्त घासतो आणि पट्टी स्वतः लाल होऊन भिंतीवर उष्णता फेकते. पट्टीची रुंदी नळ्याच्या व्यासाच्या दोन तृतीयांशाहून जास्त नको, नाहीतर राख अडकून ओढ बंद होते.

दुसरी गोष्ट जाळीची उंची, आणि इथेच बहुतेक स्वस्त बंब फसतात. तापलेलं पाणी वर जातं, खालचं गारच राहतं. पाण्यातून उष्णता वरून खाली फारच सावकाश उतरते, कारण पाणी स्वतः चांगलं वाहक नाही. ते तापतं ते फिरून. जाळी तळापासून १० सेंटिमीटर वर असेल आणि तोटी अगदी तळाशी असेल, तर जाळीखालचं सहा लिटर पाणी अर्धवट तापलेलं राहतं आणि पहिल्यांदा तेच तोटीतून येतं. लोक म्हणतात बंब तापला नाही, आणि वर आणखी दोन लाकडं सारतात, तोवर वरचं पाणी उकळायला लागलेलं असतं. दुकानात टॉर्च घेऊन नळ्यात खालून पाहा. जाळी पाण्याच्या तळाच्या पातळीवर किंवा त्याच्याही खाली, बैठकीच्या (बंबाखालच्या पायाच्या) भागात हवी. तोटी जाळीच्या वर तीन-चार बोटं हवी.

नरसाळ्याच्या बंद बंबात ही अडचण रचनेनेच सुटते. गार पाणी नरसाळ्याच्या नळीतून थेट तळाशी जातं, वरचं सर्वांत गरम पाणी बाहेर ढकलतं आणि दोन्ही फारसे मिसळत नाहीत. फक्त नरसाळ्याची नळी खरंच तळापर्यंत गेलेली आहे ना, हे तार घालून तपासा. कित्येक बंबांत ती अर्ध्यावरच कापलेली असते. मग गार पाणी गरमात मिसळतं आणि दुसऱ्याच बादलीला पाणी कोमट लागतं. ओतणंही धारेने हवं. बादली धडकन उपडी केली तर आतले थर ढवळून निघतात. पाणी तापवण्याच्या कामात मला हा प्रकार तिन्हींत सरस वाटतो.

पण त्याची एक अट आहे, आणि ती जिवाची आहे. वरच्या बाहेर येणाऱ्या नळीला कधीही तोटी, व्हॉल्व्ह किंवा बूच लावायचं नाही. ती नळी हाच वाफेचा आणि फुगलेल्या पाण्याचा बाहेर पडायचा मार्ग आहे. २५ लिटर पाणी २० वरून ६५ अंशांवर गेलं की जवळपास पाव ते अर्धा लिटर फुगतं, म्हणून तापताना नळीतून थेंब थेंब गळतं. ते गळणं योग्यच आहे. ते बंद करायला कुणी तोटी बसवली आणि नरसाळ्याऐवजी वरच्या टाकीचं कनेक्शन झडपेसकट दिलं, तर बंब हा चहूबाजूंनी बंद बॉयलर होतो, आणि पातळ पत्र्याचं भांडं वाफेचा दाब सोसत नाही. गरम पाणी नळाने न्हाणीत न्यायचं असेल, तर गार पाण्याच्या बाजूला तोटी ठेवा आणि गरम बाजू कायम उघडी ठेवा.

आता पाणी गरम राहण्याचा प्रश्न, आणि इथे मात्र तांब्याचा एक गुण हिशेबात दिसतो. बंबाच्या अंगातून उष्णता दोन वाटांनी जाते: भोवतीची हवा तापून वर जाते, आणि अंग भोवतालच्या भिंतींकडे किरणांनी उष्णता फेकतं. घासून लखलखीत केलेलं तांबं किरणांनी जवळजवळ काहीच फेकत नाही, काळ्या पृष्ठभागाच्या विसाव्या हिश्श्याएवढंच. तेच तांबं काळवंडलं की हा हिस्सा साठ-सत्तर टक्क्यांवर जातो. पाणी ६५ अंश, भोवताल २० अंश आणि हवा स्तब्ध असेल, तर घासलेल्या बंबाच्या अंगातून साधारण ११० वॅट जातात. काळवंडलेल्या अंगातून २०० च्या आसपास. नळ्यातून जाणारे ४० वॅट दोन्हीकडे मिळवा. घासलेला बंब तासाला सुमारे ५ अंशांनी उतरतो, काळा पडलेला ८ अंशांच्या पुढे. चिंच आणि मीठ लावून बंब घासणं म्हणजे नुसती टापटीप, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: जाळ विझल्यावर दोन तासांनी आंघोळ करणाऱ्याला साधारण पाच अंश जास्त गरम पाणी मिळतं. स्टीलचं चकचकीत अंगही किरणांच्या बाबतीत असंच कंजूष असतं आणि घासावं लागत नाही. बंबाला बाहेरून काळा किंवा कुठलाही ऑइलपेंट मात्र देऊ नका. चंदेरी सोडून कुठलाही रंग द्या, किरणांच्या हिशेबात तो काळाच.

नळ्याच्या आतली बाजू उलटी. तिथे काळेपणा हवा, कारण ज्वाळ आणि निखाऱ्यांचे किरण काळी भिंत शोषून घेते, चकचकीत भिंत परतवून लावते. म्हणून नव्या बंबाचा नळा पहिल्या काही दिवसांत घासू नका. पण काजळी पातळ असेपर्यंतच चांगली. काजळीचा एक मिलिमीटर थर उष्णतेला जेवढा अडवतो तेवढं अडवायला कित्येक मीटर जाड तांबं लागेल. ओली लाकडं जाळणाऱ्या घरांत तर काजळीच्या जागी डांबरासारखा चिकट थर बसतो, आणि तो ब्रशने निघत नाही. आठवड्यातून एकदा नारळाच्या काथ्याचा बोळा काठीला बांधून नळ्यातून वर-खाली फिरवावा. चिकट थर असेल तर एक दिवस कोरड्या करवंट्यांचा कडक जाळ करून तो आधी जाळून काढावा. पाणी काठोकाठ भरलेलं असताना आणि डोळ्यांसमोर.

जाळ विझल्यानंतर नळा हाच सर्वांत दुर्लक्षित चोर. आत गरम भिंत, खाली उघडं तोंड, वर उघडं धुराडं: नळ्यातली हवा तापून वर जात राहते, खालून गार हवा आत येते, आणि जाळ नसतानाही बंब स्वतःच्याच धुराड्यातून थंड होतो. उपाय सोपा आहे. निखारे पूर्ण राख झाले की धुराड्यावर पत्र्याची थाळी ठेवा आणि खालचं तोंड विटेने बंद करा. निखारे जिवंत असताना हे करायचं नाही. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त निघतो, आणि तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. याच कारणासाठी बंब न्हाणीघराच्या आत, दार-खिडकी बंद करून कधीही पेटवू नये. त्याची जागा पडवीत, परसात, किमान दोन बाजूंनी उघड्या छपराखाली. थंडी आहे म्हणून निखाऱ्यांसकट बंब आत ओढून घेणं सर्वांत धोक्याचं.

वरच्या झाकणाबद्दल दुकानदार बोलतच नाहीत. पारंपरिक बंबाचं झाकण नळ्याभोवती बसणाऱ्या कड्यासारखं असतं, आणि ते सैल असेल किंवा घरात हरवलं असेल, तर ६५ अंशांच्या उघड्या पाण्यातून वाफेवाटे शंभराहून जास्त वॅट जातात. उघडं तोंड अवघं ०.०६ चौरस मीटरचं, पण लखलखीत घासलेल्या अख्ख्या अंगातून जेवढी उष्णता जाते तेवढी या एका तोंडातून जाऊ शकते, कारण प्रत्येक ग्रॅम वाफ जाताना सव्वादोन किलोज्यूलहून जास्त उष्णता घेऊन जाते. ओल्या फडक्याने पुसलेला किंवा पाण्याचे शिंतोडे उडालेला गरम बंबही असाच वाळता वाळता गार होतो. झाकण घट्ट बसतं का, आणि त्याला धरायला लाकडी मूठ आहे का, एवढं दुकानातच पाहून घ्या.

बाहेरून उष्णतारोधक लावायचं असेल, तर काचलोकर किंवा रॉकवूलचा इंचभर थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. अंगातून जाणारी उष्णता त्याने ११० वॅटवरून ३०–३५ वर येते. थर्माकोल, फोम, गोणपाट यांतलं काहीही जाळाच्या जवळ नको. आणि बंब ओल्या फरशीवर टेकवू नका. विटांवर किंवा लोखंडी तिवईवर ठेवा.

तांब्याचा बंब घेताना वजनावरून पत्र्याची जाडी काढता येते. तांब्याचा एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पत्रा जवळपास ९ किलो भरतो. वरच्या मापाच्या बंबाला अंग, नळा, तळ आणि डोकं मिळून ०.६७ चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणजे बैठक, कड्या आणि तोटी वगळून ६ किलो. एवढं भरलं तर पत्रा एक मिलिमीटरचा. ४ किलो भरलं तर तो पाऊण मिलिमीटरपेक्षाही पातळ. पातळ पत्र्याने तापण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते आपटण्या-आदळण्यात, आणि नळ्यात लाकडं कोंबताना. म्हणून अंग पातळ चालेल, नळा जाड हवा. बैठकीचं लोखंड तांब्याच्या भावात मोजलं जात नाही ना, हे तराजूपाशी उभं राहून विचारा. घडणावळ वेगळी लावतात. मठारकामाने पत्रा ठोकून कडक होतो, पोचे कमी पडतात. हा फायदा खरा आहे. त्याने पाणी लवकर तापतं हे मात्र खरं नाही.

घरी आणल्यावर पेटवण्याआधी बंब काठोकाठ भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला नाही आणि टॉर्चने पाहता नळ्याच्या आत थेंब नाहीत, तर जोड पक्के. मग पहिला जाळ केला की बरेच जण घाबरतात: नळ्यातून पाणी टपकायला लागतं, जाळ फुसफुसतो. हे गळणं नव्हे. लाकूड जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, एक किलो कोरड्या लाकडातून अर्ध्या लिटरच्या आसपास, आणि सरपणातली ओल वेगळी. ही वाफ गार भिंतीवर थेंबांच्या रूपाने बसते. पाणी पन्नास-पंचावन्न अंशांवर गेलं की थेंब बंद होतात. त्यानंतरही टपकत राहिलं, तर मात्र जोड उकललेला आहे.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पाणी नसताना किंवा अर्ध्यावर असताना पेटवणं. नळ्यात ज्वाळ कितीही तापलेली असली तरी भिंतीच्या पलीकडे पाणी असेपर्यंत धातू पाण्यापेक्षा फार तर दहा-वीस अंशच जास्त तापतो, कारण पाणी त्याच्याकडून उष्णता झपाट्याने काढून घेतं. पाण्याची पातळी खाली गेली की वरच्या कोरड्या भागाला हा आधार उरत नाही. कथील २३२ अंशांना वितळतं. कथलाच्या डाखाचे जोड तिथेच सुटतात. त्याच्याही वर तांब्याची ठोकून आलेली कडकी जाते आणि नळा मऊ पडतो. तोटीच्या बंबातून एक बादली काढली की तेवढंच पाणी लगेच वरून ओतायचं, जाळ चालू असताना तर नक्कीच.

सरपणाचा हिशेब. हवेत नीट वाळलेल्या लाकडात किलोला सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता असते. ओल चाळीस टक्के असेल तर ती १० वर येते, आणि त्यातलीही बरीच धूर गरम करण्यात जाते. आपला बंब किती काम देतो हे घरी मोजता येतं: लिटर गुणिले वाढलेले अंश गुणिले ४.१९, भागिले लाकडाचे किलो गुणिले १५,०००. उदाहरणार्थ, २५ लिटर ४५ अंशांनी तापवायला ८०० ग्रॅम लाकूड लागलं, तर ३९ टक्के उष्णता पाण्यात गेली. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर पातेलं ठेवलं तर ही टक्केवारी साधारण १० ते १५ च्या घरात राहते. बंबाला एक किलोहून जास्त कोरडं लाकूड लागत असेल, तर आधी नळ्यातली काजळी, मग जाळीची जागा आणि झाकण पाहा. मोजण्यापूर्वी पाणी काठीने ढवळा, नाहीतर वरच्या थराचंच तापमान मिळेल. करवंट्या आणि पऱ्हाट्या झटकन पेटतात, त्या सुरुवातीला. मग अंगठ्याएवढ्या जाडीची लाकडं, एका वेळी दोन-तीन. गोवऱ्या सावकाश जळतात आणि राख फार करतात, त्यामुळे जाळी वारंवार झाडावी लागते, पण दुसरं पाणी तापवायला त्या उत्तम.

क्षारांची भीती बंबाच्या बाबतीत थोडी जास्तच घातली जाते. बोअरच्या पाण्याने नळ्यावर दोन मिलिमीटर खरपुडी बसली, तरी तापण्यात काही टक्क्यांचाच फरक पडतो, कारण मुख्य अडथळा धुराच्या बाजूला आहे. त्रास होतो तो तोटीला आणि नरसाळ्याच्या नळीला, त्या बुजतात. २५ लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून दोन तास ठेवलं तर फार तर ४०० ग्रॅमच्या आसपास चुना सुटतो. जस्ताच्या बंबात हे करू नका. आम्ल आधी जस्तच खाईल. तांब्याच्या बंबात त्यानंतर दोनदा स्वच्छ पाणी भरून सोडून द्या. आंघोळीच्या बंबाला आतून बहुधा कल्हई नसते, तेव्हा त्यातलं पाणी स्वयंपाकाला किंवा प्यायला घेऊ नये.

ज्याच्याकडे सरपण विकत घ्यावं लागत नाही आणि बंब ठेवायला उघडी पडवी आहे, त्याने स्टीलचा नरसाळ्याचा बंब घ्यावा. नळी तळापर्यंत, नळा ११ सेंटिमीटरच्या आसपास आणि नळ्याचा पत्रा अंगापेक्षा जाड असा पाहून. घरात तांब्याचा जुना बंब असेल तर तो मोडीत देऊन स्टीलचा आणू नका. जाळी खाली घ्या, झाकण घट्ट बसवून घ्या, तोटीचा वायसर बदला आणि जोडांना डाख देऊन घ्या. हे काम कुठलाही जाणता तांबट करून देतो, आणि नव्या स्टीलच्या बंबाहून ते जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बंब घेऊच नये. बंद गॅलरीतही नाही. पावसाळ्यात वापर नसेल तर बंब पूर्ण रिकामा करून, नळ्यातली राख काढून, तोटी उघडी ठेवून उलटा ठेवावा. राख ओल धरून ठेवते आणि जाळीचं लोखंड गंजवते.